पवित्रा पायांचा, शिस्त पाण्यातली

सुटीच्या दिवशी सकाळी कर्नाटकातील मुल्की, केरळमधील वर्कला किंवा चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर गेलात, तर समुद्रात काही डोकी एका ओळीत तरंगताना दिसतील. लांबून वाटते, पोहायला गेलेली मंडळी असावीत. तेवढ्यात मागून पाण्याचा फुगवटा येतो. त्यातला एक जण झपाझप हात मारू लागतो, क्षणात आपल्या फळीवर उभा राहतो आणि लाटेच्या उतारावरून घसरत थेट किनाऱ्याकडे येतो. पाहणाऱ्याच्या तोंडून नकळत 'वा!' निघून जाते. मुले लगेच हट्ट धरतात, "आम्हालाही शिकायचे!" आईवडिलांच्या पोटात मात्र गोळा येतो.

मुलांचा उत्साह खरा आणि पालकांची भीतीही खरी. सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेची सवारी करणे, आता आपल्या देशातही अनेक ठिकाणी शिकता येते. पण शिकायला गेलेल्यांना दोन अडचणी हमखास येतात. पहिली, फळीवर पाय ठरत नाहीत. ही अडचण सरावाने काही दिवसांत सुटते. मग दुसरी उभी राहते: पाय ठरू लागले, तरी इतक्या लोकांत लाट घ्यायचा धीर होत नाही. काही जण तासभर कडेलाच बसून राहतात, तर काही जण नको तिथे घुसून दुसऱ्याच्या अंगावर जातात. दोघांचेही दुखणे एकच असते. कोणती लाट आपली आणि कोणती दुसऱ्याची, हे त्यांना ठाऊक नसते.

हवाईपासून मुल्कीपर्यंत

हा खेळ मूळचा प्रशांत महासागरातील हवाई बेटांचा. तिथल्या भाषेत त्याला 'हेए नालू' म्हणतात. लाटेवरून घसरणे, असा त्याचा अर्थ. राजघराण्यातील माणसे आणि सामान्य प्रजा, पुरुष आणि स्त्रिया, सगळेच तिथे लाटांवर स्वार होत. एकोणिसाव्या शतकात हा खेळ मागे पडला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वायकीकीच्या किनाऱ्यावर त्याने पुन्हा जोर धरला. त्याला जगभर नेण्याचे मोठे श्रेय जाते ड्यूक कहानामोकू यांना. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या या हवाईयन जलतरणपटूने १९१४-१५ च्या उन्हाळ्यात सिडनीजवळ सर्फिंगची प्रात्यक्षिके करून ऑस्ट्रेलियाला या खेळाचे वेड लावले.

याच ड्यूक यांनी १९२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर 'थेल्मा' नावाची बोट उलटली, तेव्हा आपल्या फळीच्या आधाराने आठ जणांना बुडण्यापासून वाचवले होते. जी फळी जाणत्या हातात जीव वाचवते, तीच बेफिकीर हातातून सुटली, तर कुणाचे डोके फोडू शकते. सर्फिंगचे सगळे नियम या एका गोष्टीतून जन्मले आहेत.

आपल्याकडे मुल्की येथे २००४ मध्ये मंत्र सर्फ क्लब सुरू झाला. मणिपाल येथे शिकत असताना इशिता मालवीय या मुंबईच्या तरुणीने २००७ च्या सुमारास सर्फिंग शिकायला सुरुवात केली आणि पुढे कोडी बेंगरे या मच्छीमारांच्या गावात शाका सर्फ क्लब उभा केला. देशातील पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. कोवलममध्ये मूर्ती मेगवन या कोळी तरुणाने गावातील मुलांना लाटांवर उभे राहायला शिकवले. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकपासून सर्फिंग हा ऑलिंपिक खेळही झाला आहे.

आधी घरात, मग पाण्यात

कुस्तीत उतरणारा मल्ल आधी पवित्रा घेतो. कबड्डीत चढाईला गेलेला खेळाडू गुडघे वाकवून, अंग सैल ठेवून उभा असतो. ताठ उभा राहिला, तर पहिल्याच धक्क्यात आडवा होईल. सर्फिंगचा पवित्रा याहून फार वेगळा नाही. आणि त्याचा पहिला धडा समुद्रावर नव्हे, घरातल्या फरशीवर गिरवता येतो.

प्रथम आपला कोणता पाय पुढे राहतो, ते ओळखावे. डोळे मिटून सरळ उभे राहा आणि कुणाला तरी मागून अगदी हलका धक्का द्यायला सांगा. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो, तो बहुधा तुमचा पुढचा पाय. पुष्कळांचा डावा असतो, काहींचा उजवा. उजवा पुढे असणे हा दोष नव्हे. शंका वाटली, तर दोन्ही बाजूंनी करून पाहावे आणि जे सहज वाटेल, ते कायम ठेवावे.

आता फरशीवर खडूने एक लांब रेघ मारा. ही फळीची मधली रेघ समजा. तिच्यावर पालथे झोपा. तळवे छातीच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांजवळ सपाट टेकवा. फळीच्या कडा पकडायच्या नाहीत. नजर समोर ठेवून हातांनी अंग वर उचला आणि एका झटक्यात दोन्ही पाय रेघेवर आणा. गुडघा टेकून उठण्याची सवय लावून घेऊ नका. ती सोपी वाटते, पण पुढे सुटता सुटत नाही आणि लाट तेवढा वेळ थांबत नाही.

उभे राहिल्यावर स्वतःला तपासा. दोन्ही पाय रेघेवर आहेत का? त्यांच्यात खांद्यांच्या रुंदीइतके किंवा थोडे जास्त अंतर आहे का? मागचा पाय रेघेला जवळजवळ आडवा आणि पुढचा किंचित तिरका असावा. गुडघे वाकलेले, पाठ फारशी झुकलेली नाही, हात सैल आणि खांद्यांच्या खाली. रोज वीस वेळा हा सराव केला, तर आठ-दहा दिवसांत पाय आपली जागा आपणच शोधू लागतात.

नवशिक्यांच्या चुका ठरलेल्या असतात. गुडघ्यांऐवजी कमरेत वाकणे, ही सर्वात मोठी. त्याने डोके पुढे जाते आणि तोल सुटतो. दुसरी चूक म्हणजे आपल्याच पायांकडे पाहणे. सायकल शिकणारे मूल पॅडलकडे पाहू लागले की पडते, तसेच इथेही होते. जिथे जायचे आहे, तिथे नजर हवी. वजन फार मागे गेले तर फळीचा वेग मरतो. फार पुढे गेले तर तिचे टोक पाण्यात घुसते आणि माणूस गडगडतो.

पडणे तर होणारच. म्हणून तेही शिकावे लागते. डोके खाली करून सूर कधीच मारू नये, कारण खाली पाणी किती उथळ आहे ते दिसत नाही. पाठीवर किंवा कुशीवर पसरून पडावे. वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती धरावेत आणि फळी कुठे आहे, ते आधी पाहावे. सर्फिंगमधील पुष्कळशा जखमा माणसाच्या स्वतःच्याच फळीने होतात.

रांग लागते कशी?

समुद्र एवढा अफाट, मग सगळे एकाच जागी गर्दी का करतात? याचे कारण पाण्याच्या तळाशी आहे. पाण्याची खोली कमी होत होत लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. वाळूचा उंचवटा किंवा खडक जिथे असेल, तिथे ती आधी फुटते आणि मग तिथून दोन्ही बाजूंना, किंवा एकाच बाजूला, फुटत जाते. त्या फुटणाऱ्या टोकाच्या पुढेपुढे राहून घसरायचे, हीच तर सर्फिंगची मजा. साहजिकच लाट घ्यायची योग्य जागा थोडीच असते आणि सगळे तिथेच बसून वाट पाहतात. या जागेला सर्फर मंडळी 'लाइनअप' म्हणतात. आपण तिला पाण्यातली रांग म्हणू.

या रांगेत ना कुणी टोकन देत, ना कुणी पहारेकरी असतो. चांगल्या लाटा थोड्या आणि उमेदवार अनेक. तरीही भांडणे आणि अपघात टळतात, ते काही साध्या नियमांमुळे. जगात कुठेही गेलात तरी ते जवळपास सारखेच आहेत.

१. लाट जिथे फुटत आहे, त्या टोकाच्या सर्वात जवळ जो असेल, लाट त्याची. हात मारायला लागण्यापूर्वी त्या बाजूला एकदा वळून पाहावेच.

२. कुणी लाटेवर उभा असेल, तर त्याच्या पुढ्यात दुसऱ्याने शिरू नये. हा सर्वात मोठा अपराध मानला जातो. मागून येणाऱ्याला ना थांबता येते, ना वळता येते.

३. रांगेला वळसा घालून पुन्हा पुन्हा पुढची जागा पटकावू नये. नियमात बसले, तरी ते रेशनच्या रांगेत मध्येच शिरण्यासारखे आहे.

४. बाहेर जाताना लाटा फुटतात त्या जागेतून न जाता बाजूने जावे. तरीही कुणी अंगावर येताना दिसला, तर त्याच्या पुढून निसटण्याची धडपड करू नये. त्याच्या मागे, फेसाच्या दिशेने जावे. त्या फेसात दोन गटांगळ्या खाव्या लागल्या, तरी चालेल.

५. मोठी लाट आली म्हणून फळी टाकून बुडी मारू नये. फळी आठ फुटांची आणि पायाला बांधलेली दोरीही तितकीच असली, तर सुटलेली फळी आपल्या मागे सुमारे सोळा फुटांपर्यंत पोहोचते. तेवढ्या टप्प्यात कुणीतरी असतोच.

६. लाट दोन्ही बाजूंना फुटत असेल, तर आपण डावीकडे जाणार की उजवीकडे, ते मोठ्याने सांगावे. चूक झाली, तर हात वर करून ताबडतोब क्षमा मागावी. पाण्यात एवढ्याने बरेच काही मिटते.

धीट म्हणजे घुसखोर नव्हे

पहिले काही दिवस तर रांगेत जाण्याचे कारणच नाही. किनाऱ्याजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, फुटून गेलेल्या लाटांचा पांढरा फेस येतो. तिथे मऊ फोमची, आठ-नऊ फूट लांबीची फळी घेऊन उठण्याचा सराव करावा. फेसात सलग काही वेळा न पडता किनारा गाठता आला, फळी वळवता आली आणि दमल्यावर स्वतःच्या बळावर परतता आले, तरच पुढची पायरी.

त्या दिवशीही पाण्यात धावत सुटू नये. आधी पंधरा मिनिटे वाळूत बसून पाहावे. लाटा कुठे फुटतात, किती वेळाने त्यांचा गट येतो, लोक बाहेर कोणत्या वाटेने जातात? मग रांगेच्या मधोमध न जाता कडेला बसावे. शेजाऱ्याकडे पाहून हसावे, दोन शब्द बोलावे. इतरांनी सोडून दिलेल्या लहान लाटा घ्याव्यात. चार-सहा लाटा नीट गेल्या, की भोवतालच्यांनाही कळते, हा माणूस सांभाळून खेळणारा आहे. मग तेच लोक "ही तुझी, जा!" म्हणून हाक देतात.

आपली पाळी आली आणि वाट मोकळी दिसली, की मात्र कचरू नये. अर्धे मन लावून हात मारणारा धड लाट घेत नाही, धड दुसऱ्याला घेऊ देत नाही, आणि खरा गोंधळ त्याच्यामुळेच होतो. घ्यायची तर पूर्ण जोर लावून घ्यावी. सोडायची तर लगेच थांबून, दुसऱ्याला दिसेल असे मागे व्हावे. लाट सोडणे म्हणजे हार नव्हे.

मुली आणि महिलांना अनेकदा वाटते, एवढ्या पुरुषांच्या घोळक्यात आपण कशा जाणार? त्यांनीही हा नियम पक्का ध्यानात ठेवावा. जी टोकाच्या जवळ आहे, लाट तिची. वय, ताकद किंवा आवाज यांवर ते ठरत नाही. सुरुवातीला मैत्रिणीबरोबर किंवा प्रशिक्षकाबरोबर जाणे बरे. अंगभर, घट्ट बसणारे कपडे घातले, तर फळीवर घासून कातडी सोलत नाही आणि संकोचही वाटत नाही.

आणखी एक भान हवे. कोवलम असो की कोडी बेंगरे, ही आधी कोळ्यांची गावे आहेत. होडी निघत असेल, जाळे टाकलेले असेल, तर तिथून दूर व्हावे. आपला तो खेळ, त्यांची ती भाकरी.

पालकांनो, हे आधी तपासा

पायाला बांधलेली दोरी तुटू शकते, म्हणून पोहणे येत नसेल तर आधी ते शिकावे. फळी म्हणजे तराफा नव्हे. प्रशिक्षकाकडे जीवरक्षणाचे प्रशिक्षण आहे का, एकाच्या हाताखाली किती मुले असतात, हे निःसंकोच विचारावे. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत नवशिक्यांनी समुद्रात उतरू नये. पूर्व किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात वादळांचा इशारा पाहूनच बेत आखावा.

दोन फुटत्या लाटांच्या मध्ये शांत दिसणारा पट्टा नेहमीच सुरक्षित नसतो. किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच वेगाने परत आत जाते. जाणते सर्फर त्याच वाटेने बाहेर जातात, पण नवखा त्यात ओढला जाऊ शकतो. तसे झाले, तर प्रवाहाशी झुंजू नये. फळी घट्ट धरून हात वर करून मदत मागावी, किंवा किनाऱ्याला समांतर जाऊन प्रवाहातून बाहेर पडावे. मुलांना हे पाण्यात उतरण्यापूर्वी तोंडपाठ करून घ्यायला लावावे.

घरच्या फरशीवर रेघ मारायला पैसे लागत नाहीत आणि वरचे सहा नियम एका संध्याकाळी पाठ होतात. पुढच्या सुटीत समुद्रावर जाण्याचा बेत असेल, तर या दोन गोष्टी आजपासूनच सुरू कराव्यात. मुलांबरोबर तुम्हीही फरशीवर उतरलात, तर आणखीच चांगले.