आयसीयूच्या दाराबाहेर

चाकणच्या कंपनीतला कंत्राटी कामगार व्हेंटिलेटरवर जातो, तेव्हा त्याची आई, बायको दाराबाहेर बाकड्यावर रात्र काढतात. ‘पेशंट सिरियस आहे, इथे सही करा’ एवढंच कानावर येतं. ड्युटीवर असताना आम्हीही ‘बाहेर थांबा’ म्हणूनच दार लावलं आहे. हात रिकामा नसायचा हे खरं. पण दोन वाक्यं सांगायला किती वेळ लागतो?

आजार, उपचार, धोके आणि अंदाजे खर्च आपल्याला कळेल अशा भाषेत समजून घेणं हा रुग्णहक्क आहे. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार खाजगी रुग्णालयात रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावावी लागते. ती शोधा, बोट ठेवून दाखवा.

घरातलं एकच माणूस बोलायला नेमा. डॉक्टरांच्या राउंडची वेळ विचारा. कालच्यापेक्षा आज कसं आहे, हे यंत्र कशासाठी, पुढे काय करणार, हे रोज विचारून वहीत लिहा. (व्हेंटिलेटर लावला म्हणजे माणूस संपला, असं नसतं. तो श्वासाला आधार आहे.)

इंग्रजी फॉर्म मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही नको. सोबत वाचणारं कोणी नसेल, तर विहारातल्या आमच्यापैकी कुणालाही रात्री-अपरात्री हाक मारा.