काडेपेटीतला हत्ती आणि उंदीर

बालमित्रांनो, स्वयंपाकघरात जा आणि गॅसजवळची काडेपेटी घेऊन या. काडी पेटवायची नाही हं, फक्त पेटी पाहायची! आता चित्र बाजूला ठेवा आणि बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. शिवकाशी, सात्तूर किंवा कोविलपट्टी असं एखादं गावाचं नाव दिसण्याचा संभव खूप आहे. ही गावं तामिळनाडूत आहेत. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, पण ऊन मात्र रग्गड. काड्या वाळवायला आणखी काय हवं?

आता आईबाबांना विचारा, त्यांच्या लहानपणी घरात कुठली काडेपेटी यायची? पुष्कळजण 'जहाज छाप' म्हणतील. ती बनवायची विम्को, म्हणजे 'वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी'. तिचा कारखाना आपल्या अंबरनाथला होता. तिथला विम्को नाका अजून त्याच नावाने ओळखला जातो.

म्हणजे दोन काडेपेट्या. एक हातांनी भरलेली, छोट्या कारखान्यातली. दुसरी यंत्रातून धडाधड बाहेर पडलेली, परदेशी मालकाच्या बड्या कंपनीतली. पेटल्यावर दोन्ही सारख्याच, पण सरकारचे नियम मात्र दोघींना कधीच सारखे लागले नाहीत. कधी ते मुद्दाम वेगळे ठेवले, कधी सारखे ठेवूनही वेगळे पडले. कसे, ते पाहू या.

गंमत म्हणजे या दोन्ही पेट्यांचा जन्म एकाच नियमातून झाला. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि काड्या बाहेरून, मुख्यत्वे स्वीडन आणि जपानमधून यायच्या. १९२२ साली सरकारने या काड्यांवरची जकात वाढवून एका ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया केली. सरकारला पैसा हवा होता, बाकी उद्देश काही नव्हता. पण बाहेरची काडी महाग झाली आणि देशात काडी बनवणं परवडू लागलं. त्याच वर्षी शिवकाशीचे दोन चुलतभाऊ, अय्या नाडर आणि षण्मुग नाडर, काडी बनवायची विद्या शिकायला कलकत्त्याला गेले आणि परत येऊन त्यांनी गावात धंदा सुरू केला. इकडे स्वीडिश कंपनीने विचार केला, की बाहेरून आणायला जकात पडते ना? मग कारखानाच आत बांधू! १९२३ मध्ये विम्को निघाली ती अशी. भिंत एकच, तिच्या आडोशाला उंदराने बीळ केलं आणि हत्ती ती ओलांडून आत आला.

हा हत्ती केवढा होता, ठाऊक आहे? स्वीडिश मॅचचा मालक ईव्हार क्रूगर. जगातल्या निम्म्याहून अधिक काड्या त्याच्या ताब्यातल्या कारखान्यांत बनत. त्याची युक्ती भलतीच होती. पहिल्या महायुद्धानंतर अनेक देशांची तिजोरी रिकामी होती. क्रूगर त्यांना कर्ज द्यायचा आणि बदल्यात मागायचा एक कायदा : तुमच्या देशात काड्या विकायचा हक्क फक्त माझा! जर्मनीला त्याने साडेबारा कोटी डॉलर देऊ केले. क्रूगरने १९३२ साली आत्महत्या केली, त्याचं साम्राज्य कोसळलं, पण जर्मनीतला तो मक्तेदारीचा कायदा १९८३ पर्यंत टिकला. नियम नेहमी मोठ्यांना वेसण घालायलाच असतात असं नाही. कधीकधी मोठेच ते आपल्याला हवे तसे बेतून घेतात.

भारतात मात्र उलटं घडलं. १९३४ पासून काडेपेटीवर अबकारी कर बसला. पेटीवर कर भरल्याची कागदी पट्टी चिकटवलेली असे. पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर सरकारने ठरवलं, की लाखो गरिबांच्या पोटाचा हा धंदा आहे, तेव्हा मोठ्या कारखान्यावर कर जास्त आणि लहानावर कमी. नंतर मोजमाप बदललं. किती काड्या बनवता यापेक्षा यंत्राने बनवता की हाताने, हे पाहिलं जाऊ लागलं. हेतू तोच.

तुम्ही म्हणाल, ही लबाडी झाली! शर्यतीत एकाला दहा पावलं पुढे उभं करायचं?

थांबा, एक हिशोब करू. हा आकडा मी मनाने घेतला आहे बरं का, नुसता समजण्यासाठी. समजा सरकारने नियम केला : प्रत्येक काड्यांच्या कारखान्यात आग विझवायची सोय हवी, तिची तपासणी हवी, कागदपत्रं हवीत. नियम चांगलाच आहे. समजा त्याला वर्षाला एक लाख रुपये लागले. छोटा कारखाना वर्षाला दहा लाख पेट्या बनवतो. त्याला पेटीमागे खर्च आला दहा पैसे. मोठा दहा कोटी पेट्या बनवतो. त्याला आला पैशाचा दहावा भाग. म्हणजे नियम एक, खर्च एक, पण ओझं शंभरपट! पाव पैसा, अर्धा पैसा सुटला तरी ज्या धंद्यात मालक खूष होतो, तिथे दहा पैसे म्हणजे दुकान बंद. शिवाय मोठ्याकडे फॉर्म भरायला वेगळी माणसं असतात. छोटा मालक स्वतःच मुनीम, स्वतःच विक्रेता. तो सरकारी कचेरीच्या बाकावर बसला, तर त्या दिवशी कारखान्यात कोणी नाही.

म्हणून सवलत. पण सवलतीलाही एक खोड असते. तुम्हाला सांगितलं, की पाचवीपर्यंतच्या मुलांना बसचं तिकीट अर्धं, तर सहावीत जायला कोणाला घाई असेल? शिवकाशीत तसंच झालं. कारखाना वाढला की कर वाढणार. मग कारखाना वाढवायचाच नाही! एकाच घराण्याने दुसऱ्या नावाने दुसरा कारखाना काढायचा, तिसऱ्या नावाने तिसरा. कागदावर सगळे उंदीर, खरं पाहिलं तर त्यातले काही चांगले गलेलठ्ठ. यंत्र आणलं तर सवलत जाणार, म्हणून यंत्रही नको. बिचारे मधले कारखाने, धड लहान ना धड मोठे, ते दोन्हीकडून चिमटले.

आणि या हातकामाची खरी किंमत कोणी मोजली? हा भाग लिहिताना मला नेहमी अवघड होतं, कारण ती तुमच्याच वयाच्या मुलांनी मोजली. चौकटीत काड्या एकेक करून भरायच्या, खोकी चिकटवायची, लेबलं लावायची. लहान बोटं चपळ असतात असं सांगून त्या भागात हजारो मुलामुलींना, विशेषतः मुलींना, कामाला लावलं जाई. पहाटे गाडी गावात यायची आणि पोरांना घेऊन जायची. शाळा राहून गेली ती कायमची. १९८६ च्या बालकामगार कायद्याने काड्या आणि फटाके बनवण्याच्या कामावर चौदा वर्षांखालची मुलं ठेवायला मनाई केली. पण घरात, कुटुंबाबरोबर केलेल्या कामाला सूट होती. झालं! बरंचसं काम घरोघर पोचतं झालं. डिसेंबर १९९६ मध्ये शिवकाशीच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की बेकायदा कामाला ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने वीस हजार रुपये भरावेत आणि तो पैसा त्या मुलाच्या भल्यासाठी वापरावा. २०१६ मध्ये कायदा आणखी कडक झाला. सुट्टीत तुम्ही बाबांच्या दुकानात बसता, आजीला पापड वाळवायला मदत करता, त्याला आजही हरकत नाही. पण धोक्याचं काम घरचं असलं तरी मुलांना नाही.

"आम्ही लहान आहोत, आम्हाला हा नियम परवडत नाही," असं तेव्हाही कोणी कोणी म्हणत होते. कराच्या बाबतीत मी त्यांचं ऐकेन. इथे मात्र मुळीच नाही.

मग लहानांना न मारता कडक नियम करताच येत नाही का? येतो. त्याचीही एक गोष्ट काड्यांचीच आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस असायचा. कुठेही घासा, पेटते! पण त्याच्या वाफेने कामगारांच्या जबड्याचं हाड कुजायचं. १८८८ साली लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या सुमारे चौदाशे मुली आणि बायकांनी संप केला. त्यांची बाजू वर्तमानपत्रातून मांडणारी बाई कोण होती, माहीत आहे? अ‍ॅनी बेझंट! त्याच, ज्या पुढे भारतात आल्या आणि काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या.

त्यानंतर एकेका देशाने पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी घातली. आपल्याकडे तसा कायदा १९१३ मध्ये झाला. अमेरिकेत मात्र पेच पडला. पांढऱ्या फॉस्फरसच्या जागी चालणारं निर्धोक रसायन होतं, पण त्याचं तिथलं पेटंट एकट्या डायमंड मॅच कंपनीकडे होतं आणि ती तिथली सगळ्यात मोठी काड्यांची कंपनी. बंदी घातली असती तर काय झालं असतं, सांगा पाहू? बरोबर. लहान कारखान्यांना एक तर डायमंडच्या दारात उभं राहावं लागलं असतं, नाही तर कुलूप लावावं लागलं असतं. कामगारांचे जबडे वाचवणारा कायदा हत्तीच्या पथ्यावर पडला असता. तेव्हा राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी कंपनीला पेटंट सोडायची विनंती केली आणि जानेवारी १९११ मध्ये कंपनीने ते खरोखरच सर्वांसाठी खुलं केलं. मग १९१२ मध्ये कायदा आला. सरळ बंदी नाही, तर पांढऱ्या फॉस्फरसच्या दर शंभर काड्यांमागे दोन सेंट कर. एवढा कर भरून ती काडी विकणं कोणालाच परवडेना. काडी गेली आणि कारखाने राहिले. आधी वाट मोकळी करून दिली, मग नियम लावला, म्हणून हे जमलं.

आता पुन्हा आपल्या पेटीकडे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हाताने बनवलेल्या काड्यांवर ५ टक्के आणि बाकीच्यांवर १८ टक्के कर होता. पण कितीतरी कारखान्यांत थोडं काम हाताने आणि थोडं यंत्राने होतं. मग त्यांना काय म्हणायचं? यावरून भांडणं होऊ लागली. १ एप्रिल २०२० पासून सर्वांना १२ टक्के असा एकच दर झाला. ज्याचा ५ होता तो कुरकुरला, ज्याचा १८ होता तो हसला. सप्टेंबर २०२५ पासून सगळ्यांचाच दर ५ टक्क्यांवर आला. दरम्यान विम्को २००५ मध्येच आयटीसी या आणखी मोठ्या कंपनीकडे गेली होती. आणि डिसेंबर २०२१ मध्ये पेटीची किंमत एक रुपयावरून दोन झाली, तीही चौदा वर्षांनी. चौदा वर्षं किंमत न वाढलेली दुसरी वस्तू तुमच्या वाण्याकडे मिळते का, विचारून बघा!

पण काडीवाल्यांना आता एकमेकांची भीती उरलेली नाही. दोघांना भीती आहे ती प्लास्टिकच्या लायटरची. दहा-पंधरा रुपयांचा परदेशी लायटर कितीतरी पेट्यांचं काम करतो आणि फेकून दिला की वर्षानुवर्षं कुजत नाही. मग नियमांनी गांजलेले हेच छोटे कारखानदार सरकारकडे एक नवा नियम मागायला गेले! जून २०२३ मध्ये सरकारने आयात किंमत वीस रुपयांहून कमी असलेल्या लायटरच्या आयातीवर बंदी घातली. तर काय झालं, माहीत आहे? लायटरचे सुटे भाग येऊ लागले, इथे आणून जोडायचे की झाला लायटर तयार. २०२४ मध्ये त्या सुट्या भागांवरही बंदी आली.