अपघातस्थळींचा पहिला उपचार

मावळ तालुक्यांतील सुदुंबरें हें गांव संतश्रेष्ठ संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळें सर्वांस परिचित आहे. याच गांवीं राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या पांचव्या बटालियनचा तळ आहे. तेथील वैद्यकीय सहाय्यकांच्या विद्येपैकीं शेतकऱ्यास काय घेण्याजोगें आहे, तें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

हें दल २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यान्वयें २००६ सालीं उभें राहिलें. त्याच्या पथकांत इंजिनियर, वीजतंत्री, श्वानपथक व वैद्यकीय सहाय्यक असतात. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर दरड कोसळून दीडशेंवर माणसें दगावलीं. १५ जून २०२५ रोजीं कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पडून चौघे मृत्यु पावले. दोन्ही ठिकाणीं या दलाचे जवान धांवून गेले. तथापि पथक कितीही तत्पर असलें तरी तें पोहोंचेपर्यंतचा वेळ शेजाऱ्यांच्याच हातीं असतो, व पुष्कळदां जीव जगणें-जाणें त्याच वेळांत ठरतें.

सहाय्यकास पहिला धडा मिळतो तो घाई न करण्याचा. उलटलेल्या ट्रॅक्टरचें इंजिन बंद केल्यावांचून, अथवा तुटलेल्या तारेचा वीजपुरवठा तोडल्यावांचून जखमीस हात लावूं नये. नाहीं तर एकाचे दोन होतात. नंतर शुद्धि, श्वास व रक्तस्राव पाहावा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ही सेवा महाराष्ट्रांत २०१४ पासून विनामूल्य आहे. पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या :

१. रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडकें जखमेवर घट्ट दाबून धरावें. तें भिजल्यास न काढतां वर दुसरें ठेवावें. हळद, चुना वा तंबाखू भरूं नये.

२. झाडावरून वा माडीवरून पडलेल्यास हातपाय धरून उचलूं नये. कणा मोडला असल्यास आंतील मज्जारज्जु दुखावून माणूस जन्माचा पंगु होतो. मान न हलवितां, फळीवर घेऊन, चौघांनीं एका बोलावर उचलावें.

३. नुकताच दबलेल्यावरील भार तत्काळ काढावा. परंतु अवयव तासाहून अधिक काळ दबला असेल, तर भार निघतांच चेंगरलेल्या स्नायूंतील घातक द्रव्यें रक्तांत उतरून हृदय बंद पडूं शकतें. म्हणून सहाय्यक आधीं शिरेंतून सलाईन चालू करतो, मग भार काढवितो. अशा वेळीं जाणत्याची वाट पाहावी.

४. बुडालेल्यास उलटें टांगूं नये, पोटही दाबूं नये. श्वास बंद असल्यास आधीं तोंडानें श्वास द्यावे. मग छातीच्या मध्यावर मिनिटास १०० ते १२० या गतीनें, पांच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावे. ३० दाबांनंतर २ श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत सोडूं नये.

५. सर्पदंशावर चिरा देणें, रक्त चोखणें, दोरीनें आवळणें हें सर्व अपायकारक आहे. दंश झालेला अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणें स्थिर बांधावा व रोग्यास चालूं न देतां रुग्णालयांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारींच्या विषावर एकच प्रतिविष चालतें. मांत्रिकाकडे गेलेला वेळ मात्र परत मिळत नाहीं.

कित्येक जण पंचनामा व साक्षीच्या भीतीनें रस्त्यावरील जखमीपासून दूर राहतात. ही भीति आतां निराधार आहे. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेल्या कलम १३४-अ नें सद्धेतूनें साह्य करणाऱ्यास संरक्षण दिलें आहे.

हें कौशल्य मात्र वाचून येत नाहीं. हातांनीं करूनच येतें. हें दल गांवोगांवीं प्रात्यक्षिकें करून दाखवीत असतें. तरी प्रत्येक वाडींतील चार तरुणांनीं भात-लावणीपूर्वीं तीं शिकून घ्यावीं. बियाणें व खत यांची तजवीज आपण आगाऊ करतों. मनुष्याच्या प्राणाची तजवीज त्याहून कमी महत्त्वाची नव्हे.