पिकाच्या अंगचे औषध आणि बाटलीतले हार्मोन



"साहेब, उसाची प्रतिकारशक्ती वाढवणारं हार्मोन आलंय म्हणे. मारू का?" गटात फिरताना हा प्रश्न वरचेवर कानी येतो. बाटली महागाची, वरचे चित्र झकास आणि विकणारा गोड बोलणारा. तेव्हा मारावे की न मारावे हे ठरविण्यापूर्वी हे हार्मोन करते तरी काय, ते पाहू.

कीड-रोगापुढे पीक मुकाट उभे असते असा आपला समज. तो खरा नाही. १९७२ साली अमेरिकेत ग्रीन आणि रायन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, बटाट्याचे किंवा टोमॅटोचे पान किड्याने कुरतडले की झाडात एक प्रथिन साठू लागते. कुरतडलेल्या पानात तर साठतेच, पण शाबूत पानांतही साठते. हे प्रथिन पोटात गेले की किड्याचे पाचक रस निकामी होतात. खाल्लेलं अंगी लागत नाही, अळी खुरटते. म्हणजे औषधाचा कारखाना पिकाच्या अंगातच आहे. फक्त तो बारमाही चालत नाही, भोंगा झाला की सुरू होतो.

हा भोंगा म्हणजेच हार्मोन, आपल्या भाषेत संजीवक. त्यातले एक मिथाइल जॅस्मोनेट. ते १९६२ साली चमेलीच्या तेलातून वेगळे काढले गेले. तेव्हा तो अत्तरवाल्यांच्या कामाचा माल होता! १९९० साली फार्मर आणि रायन यांनी बंद पेटीत टोमॅटोच्या रोपांना त्याचा नुसता वास दिला. पानाला जखम नाही, कीड नाही, तरी तेच प्रथिन तयार झाले. दुसरे संजीवक सॅलिसिलिक ॲसिड, म्हणजे ॲस्पिरिनच्या गोळीचे भावंड. इंग्लंडात व्हाइट यांनी १९७९ साली तंबाखूच्या पानात ॲस्पिरिन टोचले, तर मोझॅक विषाणूचे डाग कमी पडले.

शेतातही याचा गुण दिसला आहे. कॅलिफोर्नियात जेनिफर थेलर यांनी टोमॅटोवर जॅस्मोनिक ॲसिड फवारले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार अळ्यांवर जगणाऱ्या परोपजीवी माश्यांचा मारा तेथे सुमारे दुप्पट झाला. झाडाने जणू मदतीला हाक मारली. मित्रकीटकांची किंमत आपल्याला नव्याने सांगायला नको. २००२ साली लोकरी मावा आला तेव्हा फवारे मारून हात टेकले होते, आणि डिफाच्या अळ्यांनी तो खाऊन फस्त केला, हे पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता दुसरी बाजू, जी विकणारा सांगत नाही.

भोंगा फुकट वाजत नाही. संरक्षणाचा माल करायचा तर झाडाला साखर आणि नत्र खर्ची घालावे लागते, आणि तेवढी वाढ मागे पडते. बाल्डविन यांनी रानतंबाखूवर केलेला प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. जॅस्मोनेट दिलेल्या झाडांवर कीड आली तेव्हा त्यांना बी जास्त धरले. पण जेथे कीड आलीच नाही तेथे न दिलेल्या झाडांपेक्षा कमी धरले. आपण बी विकत नाही, टनेज विकतो. कीड नसलेल्या उसाला उगाच जागे करणे म्हणजे चोर नसताना रात्रभर राखणदार उभे करून त्यांचा पगार भरण्यासारखे आहे.

आणखी एक मेख आहे. सॅलिसिलिकचा रस्ता मुख्यतः रोगाविरुद्ध, जॅस्मोनेटचा मुख्यतः कुरतडणाऱ्या किडीविरुद्ध, आणि पुष्कळदा एक दुसऱ्याला दाबतो. "दोन्ही एकाच पंपात" हा सल्ला म्हणूनच धोक्याचा.

उसाचे काय? उसाच्या अंगातही असे पदार्थ आहेत. लाल कुजीला दाद न देणाऱ्या जातीत बुरशी शिरली की कांडीत लाल रंगद्रव्ये साठतात, ती बुरशीला मारक ठरतात. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत लाल कुजीविरुद्ध सॅलिसिलिकसारख्या पदार्थांचे प्रयोगही झाले आहेत. पण ध्यानात ठेवा, हे सारे रोग येण्याआधीचे काम. काणीचा चाबूक बाहेर पडल्यावर फवारणी करून काही साधत नाही. ते बेट चाबकासकट पोत्यात घालून उपटावे आणि जाळावे. निरोगी बेणे, बेणेप्रक्रिया आणि ट्रायकोकार्ड यांची जागा बाटली घेणार नाही.

तरीही कुणाला करूनच पाहायचे असेल तर सबंध प्लॉटवर करू नये. बाटलीवर घटक आणि नोंदणी क्रमांक छापला आहे का ते पाहावे, पक्की पावती घ्यावी. चार सऱ्या फवाराव्यात, शेजारच्या चार कोऱ्या ठेवाव्यात, दोन्हींना खत-पाणी सारखेच. तोडणीला दोन्हींच्या मोळ्या वेगळ्या बांधून वजन घ्यावे, ब्रिक्सही पाहावा. आकडे गट ऑफिसात आणून द्या, फायदा झाला असो वा नसो. तोटा झालेला सभासद सहसा गप्प बसतो, आणि तीच बाटली मग शेजाऱ्याच्या बांधावर जाते.