खानदेशात मानसशास्त्राची जागा भरताना

अमेरिकेतली विद्यापीठे ‘जैविक मानसशास्त्र आणि आरोग्य-विषमता’ अशा नेमक्या विषयासाठी प्राध्यापक शोधतात. आपल्याकडच्या जाहिरातीत बहुधा एवढेच असते: सहायक प्राध्यापक, मानसशास्त्र, जागा एक. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे सांभाळणाऱ्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (स्थापना 1990) परिसरात मात्र या विशेष विषयाची गरज खरोखरच आहे.

विषय काय आहे

झोप, वेदना, भूक, ताण यांचा मेंदूशी आणि शरीराशी काय संबंध आहे, हे जैविक मानसशास्त्र मोजून पाहते. ताणात कॉर्टिसॉल किती वाढते, हे लाळेच्या नमुन्यातूनही कळते. त्याला आरोग्य-विषमतेची जोड दिली, की एकाच तालुक्यातल्या दोन वस्त्यांचे आजार वेगळे का, असा प्रश्न उभा राहतो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये गावांतल्या गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते. इंग्लंडच्या बाळांपेक्षा ती हडकुळी, पण चरबी त्या मानाने टिकून. आईच्या ताटात काय पडले याचा हिशेब मुलाच्या शरीरात निघतो, हे त्यातून दिसले. मनाच्या बाबतीतही असाच दीर्घ अभ्यास हवा.

इथले प्रश्न

सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले आणि त्याचे लक्ष्य 2047 आहे. तपासणी होते, कार्ड मिळते. पण सांधे ठणकत असलेला मुलगा शाळेत आला नाही, की ‘टाळाटाळ करतो’ असा शिक्का बसतो. वारंवारच्या वेदनेचा झोपेवर, अभ्यासावर, उमेदीवर काय परिणाम होतो, हे कोण पाहणार?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या घरात रात्रभर तळमळणाऱ्यांच्या झोपेचे मोजमापही कोणी करायला हवे. कॉर्टिसॉल मोजायला लाळेचे नमुने गोठवून ठेवायचे तर फ्रीझरला अखंड वीज लागते. ही अडचण मुंबईच्या प्रयोगशाळेत बसून सुचत नाही.

कागदावरची पात्रता

यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीला 55 टक्के गुण आणि नेट, सेट किंवा नियमांत बसणारी पीएच.डी. हवी. आरक्षित प्रवर्गांना गुणांत 5 टक्के सवलत. जून 2023 च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची नाही. राज्यातली सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. नेटच्या अभ्यासक्रमात वर्तनाचा जैविक पाया हा घटक आहेच, त्यामुळे तोंडओळख सगळ्यांना असते. संशोधन थोड्यांचेच असते.

फाइल कुठे अडते

अनुदानित महाविद्यालयाला आधी बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, मग शासनाचे ना हरकत प्रमाणपत्र, मग जाहिरात, छाननी, मुलाखत आणि विद्यापीठाची मान्यता. खानदेशासाठी उच्च शिक्षण सहसंचालकांचे कार्यालय जळगावातच आहे, एवढी सोय. वेळ मात्र जायचा तो जातोच, आणि तोवर वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकावर चालतो. पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडून पाच वर्षे एका पाड्याचा पाठपुरावा मागणे अन्याय आहे.

मुलाखतीत काय पाहावे

नियमावलीतल्या विद्यापीठांसाठीच्या गुणतक्त्यात पीएच.डी.ला 30 गुण आणि सगळ्या शोधनिबंधांना मिळून 10. हे गुण उमेदवारांची यादी लहान करण्यापुरते आहेत. खरी परीक्षा तज्ज्ञांच्या प्रश्नांत असते.

धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर काम कसे जमवाल? रक्ताचा नमुना घेण्याआधी नैतिक समितीची परवानगी कशी मिळवाल? आणि प्रमाण मराठीतली प्रश्नावली पावरी बोलणाऱ्या आजीपुढे कशी न्याल? शेवटच्या प्रश्नाला ‘दुभाषा घेऊ’ एवढेच उत्तर देणारा उमेदवार मी बाजूला ठेवीन. अहिराणी किंवा पावरी येणाऱ्याला झुकते माप द्यावे असे मला वाटते. पण तशी अट जाहिरातीत असली पाहिजे.

जाहिरातीतली एक ओळ

भरती सुरू झाल्यावर मध्येच निकष बदलता येत नाहीत, जोवर नियम किंवा जाहिरात तशी मुभा देत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणून विभागप्रमुखांनी मसुदा वर पाठवतानाच ‘जैविक किंवा आरोग्य मानसशास्त्रातील संशोधन व स्थानिक बोलीचे ज्ञान इष्ट’ ही ओळ मंजुरीसाठी घालावी. मुलाखतीच्या दिवशी ती आठवून उपयोग नाही.