शिखरं सरकतात तेव्हा : रिटेन्शन टाइमची दुरुस्ती

मागच्या भागात मास स्पेक्ट्रोमीटर रेणूचं वजन कसं मोजतो ते पाहिलं. आज त्याच डेटातल्या दुसऱ्या आकड्याबद्दल बोलू, म्हणजे वेळेबद्दल. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

माझी भाची हैदराबादला एका प्रयोगशाळेत आहे. रक्ताच्या नमुन्यांत कोणती लहान रसायनं किती आहेत, हे ती शोधते. निवृत्तीनंतर मी हौसेने ‘आर’ ही संगणकभाषा शिकलो, म्हणून तिच्या १२० नमुन्यांच्या डेटावर पहिली प्रक्रिया करायचं काम मी अंगावर घेतलं. निकाल झोकात आला. आजारी आणि निरोगी गटांत फरक दाखवणाऱ्या रसायनांची लांबलचक यादी! भाचीने ती पाहिली आणि म्हणाली, "मामा, इतकी यादी खरी असूच शकत नाही." तिचं म्हणणं बरोबर होतं. चूक कुठे होती, ते कळायला आधी यंत्र समजून घ्यावं लागेल.

नमुना थेट मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जात नाही. आधी तो एका बारीक पोलादी नळीतून, म्हणजे कॉलममधून जातो. आत सिलिकाचे काही मायक्रॉनचे कण दाबून भरलेले असतात, आणि त्यांच्यावर बहुतेक वेळा १८ कार्बनच्या तेलकट साखळ्या चिकटवलेल्या असतात. नळीतून आधी पाणी जास्त असलेला द्राव सोडतात आणि हळूहळू त्यात अ‍ॅसिटोनायट्राइल वाढवत नेतात. पाण्यात रमणारे रेणू लवकर बाहेर पडतात, तेलकट रेणू साखळ्यांना धरून बसतात आणि उशिरा निघतात. कोणता रेणू किती वेळाने बाहेर आला, तो त्याचा रिटेन्शन टाइम. म्हणजे प्रत्येक नोंदीत तीन आकडे असतात: वस्तुमान-प्रभार गुणोत्तर, वेळ आणि संकेताची तीव्रता.

यातला पहिला आकडा चांगल्या यंत्रावर दशांशाच्या तिसऱ्या-चौथ्या स्थळापर्यंत टिकतो. वेळेचं तसं नाही. खोलीचं आणि कॉलमचं तापमान, द्रावात मिसळलेल्या फॉर्मिक अ‍ॅसिडचं प्रमाण, पंपात अडकलेला हवेचा बुडबुडा, रक्तातल्या चरबीचा कॉलममध्ये साठत गेलेला थर, या सगळ्यांनी ती सरकते. आणि सगळीकडे सारखी सरकत नाही, ही खरी अडचण. सुरुवातीची शिखरं दोन सेकंद मागे पडली असतील, तर शेवटची वीस सेकंद. त्यामुळे ‘सगळ्यांतून पाच सेकंद वजा करा’ असं म्हणून भागत नाही.

मग करायचं काय? भाचीकडे वापरतात ते सॉफ्टवेअर एक्ससीएमएस. २००६ साली कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतल्या सियुझडॅक यांच्या गटाने ते प्रसिद्ध केलं. ते मोफत आहे. त्यात वेळ सुधारण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग खुणेच्या शिखरांचा. जवळजवळ प्रत्येक नमुन्यात, आणि प्रत्येकात एकदाच सापडणारी शिखरं सॉफ्टवेअर निवडतं. अशा प्रत्येक शिखराची मध्यक वेळ काढतं आणि प्रत्येक नमुना त्या वेळेपासून किती सरकला ते पाहतं. या सगळ्या फरकांमधून एक गुळगुळीत वक्र काढायचा आणि त्या वक्राप्रमाणे बाकीची शिखरं सरकवायची. मी तोफखान्यात होतो, तिथे आम्ही हेच करायचो. माहितीच्या ठिकाणावर गोळा टाकायचा, चूक मोजायची आणि तीच दुरुस्ती आसपासच्या लक्ष्यांना लावायची. त्या ठिकाणापासून जितकं लांब जाल तितकी दुरुस्ती कच्ची होते, हेही तिथे शिकवायचे. इथेही पहिल्या खुणेच्या आधी आणि शेवटच्या खुणेच्या नंतर सॉफ्टवेअर जे करतं, तो अंदाजच असतो.

दुसरा मार्ग ओबीवार्पचा. याला खुणेची शिखरं लागत नाहीत. हा दोन नमुन्यांचे अख्खे आलेख शेजारी ठेवतो आणि एकाला जागोजागी ताणत, जागोजागी आवळत दुसऱ्याशी जुळवतो. ही कल्पना मुळात बोलणं ओळखणाऱ्या यंत्रांसाठी आली; साकोए आणि चिबा या जपानी संशोधकांचा तिच्यावरचा गाजलेला लेख १९७८ सालचा. एका घरात आरती संथ चालते, दुसऱ्या घरात भराभर उरकतात. तरी कोणती ओळ चालू आहे ते आपल्या कानाला कळतं. तेच हे.

आता सेटिंगविषयी. शिखरांचे गट पाडताना ‘बीडब्ल्यू’ नावाचा एक आकडा द्यावा लागतो, म्हणजे वेळेत किती ढिलाई चालेल. तो तसाच सोडला तर ३० सेकंद धरला जातो. आजच्या यंत्रांवर शिखरच पाच-सहा सेकंद रुंद असतं, तिथे ३० म्हणजे फारच सैल. ल्युसीन आणि आयसोल्युसीन घ्या. दोन्ही अमिनो आम्लांचं रेणुसूत्र एकच, त्यामुळे वस्तुमानही अगदी एक. त्यांना वेगळं ठेवतो तो फक्त वेळेतला फरक. ढिलाई जास्त दिली की दोघं एका गटात पडतात आणि कोणीच तक्रार करत नाही. ढिलाई फार कमी दिली तर उलट होतं. एकच रसायन दोन गटांत फुटतं आणि अर्ध्या नमुन्यांत ‘आहे’, उरलेल्यांत ‘नाही’ असं दिसतं.

माझ्या यादीत नेमकं हे दुसरं झालं होतं. पण कारण बीडब्ल्यू नव्हतं.

भाचीने सगळ्या नमुन्यांचा थोडाथोडा भाग एकत्र करून एक मिश्रण केलं होतं आणि ते दर काही नमुन्यांनंतर यंत्रावर चालवलं होतं. दुरुस्ती फक्त या मिश्रणांवरून ठरवायची आणि मधल्या नमुन्यांना त्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या मिश्रणांवरून लावायची, अशी सोय एक्ससीएमएसमध्ये आहे. त्यासाठी फायली यंत्रावर ज्या क्रमाने चालल्या त्याच क्रमाने द्याव्या लागतात. मी फोल्डरमधून त्या सरळ वाचून घेतल्या. फायलींची नावं १, २, ३ अशी होती, आणि संगणकाने ती अक्षरांच्या क्रमाने लावली: १, १०, १००, १०१... २ चा नंबर कितीतरी नंतर. म्हणजे सुरुवातीच्या नमुन्याला शेवटच्या दिवसाची दुरुस्ती लागली होती. बहुतेक आजारी व्यक्तींचे नमुने शेवटी चालले होते, हे त्यात आणखी भर घालणारं.

मला हे दिसलं का नाही? कारण मी फक्त मिश्रणांचे आलेख तपासले होते. ते सुरेख जुळले होते. जुळणारच, दुरुस्ती त्यांच्यावरूनच तर बेतली होती! भाचीने प्रत्येक नमुन्यात घातलेली ड्युटेरियमची खूण असलेली रसायनं पाहिली, जी मी दुरुस्तीत वापरलीच नव्हती. ती आधी सहा सेकंदांच्या आत होती, माझ्या दुरुस्तीनंतर चौदा सेकंदांपर्यंत फाकली होती. दुरुस्तीने बिघडवलं होतं.

अशा वेळी मूळ वेळा शाबूत असतात, हे एक बरं. एक आज्ञा दिली की सुधारलेल्या वेळा काढून टाकता येतात. आम्ही तसं केलं, क्रम नीट लावला आणि पुन्हा चालवलं. यादी बरीच आटली. जी उरली ती भाचीने सहकारी डॉक्टरांकडे पाठवली, पण त्याआधी नमुने उलटसुलट क्रमाने मिसळून काही पुन्हा यंत्रावर चालवले, कारण आजारी-निरोगी असे गट दिवसांनुसार वेगळे पडले असतील तर तो दोष कोणतंच सॉफ्टवेअर पुसू शकत नाही.

आता तिच्याकडे फायलींची नावं ००१ पासून सुरू होतात.