पी-रामसेस: नदीने घडवलेली आणि नदीनेच मोडलेली राजधानी

राजाच्या मनात आले म्हणून राजधानी उभी राहते. टिकते मात्र जागेच्या बळावर. प्राचीन इजिप्तमधील पी-रामसेस हे त्याचे ठळक उदाहरण. इ.स.पू. तेराव्या शतकात दुसऱ्या रामसेसने नाईलच्या त्रिभुज प्रदेशात, पूर्वेच्या बाजूला ही नगरी वसवली. जुने सत्ताकेंद्र थीब्ज दूर दक्षिणेला होते, आणि इजिप्तचे तेव्हाचे लष्करी हितसंबंध कनान व हित्ती साम्राज्याच्या दिशेला गुंतलेले होते. नाईलच्या पेलुसियन फाट्यातून गलबते थेट भूमध्य समुद्र गाठत, तर सिनाईकडे जाणारी वाट जवळून निघे. आजच्या कांतीर गावाच्या शेतांखाली झालेल्या उत्खननात शेकडो घोड्यांच्या पागा, रथांचे भाग आणि ब्राँझ ओतण्याच्या भट्ट्या सापडल्या. हित्ती पद्धतीच्या ढाली घडवण्याचे दगडी साचेही मिळाले. कादेशच्या लढाईत ज्या हित्तींशी झुंज झाली, त्यांचेच कारागीर पुढे तह झाल्यावर इथे काम करत असावेत.

मग एवढे शहर ओस का पडले? पेलुसियन फाटा गाळाने भरत गेला, नदीचा मुख्य प्रवाह दुसरीकडे वळला आणि बंदर निकामी झाले. इ.स.पू. १०७० च्या सुमारास सत्तेवर आलेल्या एकविसाव्या घराण्याने उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर, वाहत्या फाट्याकाठी तानिस उभारले. पी-रामसेसमधले पुतळे, स्तंभ आणि ओबेलिस्क त्यासाठी उचलून नेले. रामसेसच्या नावाचे हे दगड पाहून फ्रेंच संशोधक प्येर मोंते यांना तानिस म्हणजेच पी-रामसेस वाटले होते. पण तानिसच्या जमिनीत रामसेसच्या काळातील वस्तीचा थरच नाही. दगड जुने असले तरी शहर नवे आहे.

यावर आक्षेप येतो की, खरे कारण राजकीय होते. राजसत्ता खिळखिळी झाली होती आणि दक्षिणेचा कारभार थीब्जच्या अमून देवाच्या पुरोहितांच्या हाती गेला होता. हे खरेच आहे, आणि नव्या खाणकामाऐवजी जुनेच दगड वापरण्यामागे ही दुर्बलता असू शकते. पण केवळ दुर्बलता राजधानी हलवत नाही. नव्या राजांनी त्रिभुज प्रदेश सोडला नाही, उत्तरेकडचा व्यापारही सोडला नाही. त्यांनी सोडला तो फक्त आटलेला काठ. समुद्राकडे तोंड असलेली राजधानी त्यांनाही हवीच होती, म्हणूनच ती पाण्याच्या मागे गेली.